ऑर्व्हिलची गाडी कोणी घेईना

डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा अमेरिकेतल्या टोलेडोच्या ऑर्व्हिल स्टॅम्परने अकरा वर्षं पोटच्या पोरासारखी जपलेली गाडी विकायला काढली. किंमत ठेवली चार हजार डॉलर.

पाहायला डार्लीन आली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करायची, दोन बस बदलून कामावर पोचायची. ऑर्व्हिलने बॉनेट उघडलं आणि आपणहून सांगितलं, "हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं मागच्या ब्रेकची नळी गंजली होती. नवी बसवलीय. इंजिनाची काळजी नको."

डार्लीन गाडीभोवती दोनदा फिरली. "इतकी चांगली आहे, तर विकताय कशाला?"

"दिसत नाही मला."

"सगळ्यांचं असंच काहीतरी असतं, मिस्टर स्टॅम्पर. काल गाडी दाखवली त्याची बायको वारली होती."

"मग मेकॅनिकला दाखव, पोरी."

"तो दीडशे घेतो. ही मी पाहतेय ती चौथी गाडी. दाखवण्यातच पैसे संपायचे." ती घुटमळली. "आणि ब्रेकचं तुम्ही न विचारता सांगितलंत. म्हणजे न सांगितलेलं किती असेल? दोन हजार देते."

ऑर्व्हिलच्या जिव्हारी लागलं. त्याने बॉनेट लावलं.

पण नंतर आलेल्या पाचही जणांनी तोच सूर लावला. महिन्याभराने त्याने गाडी कोपऱ्यावरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला एकोणीसशेला देऊन टाकली. दुकानदाराने ती धुतली, वॉरंटीचा कागद चिकटवला आणि आठवड्यात त्रेचाळीसशेला विकली.

डार्लीननेही त्याच दुकानातून गाडी घेतली होती, दुसरीच, चकचकीत. ती पुरातून काढलेली निघाली. सतराव्या दिवशी हायवेवर इंजिन बसलं. पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नव्हतं. तीन खाडे झाले आणि नोकरी गेली.

जानेवारीत बसथांब्यावर कोणीतरी ऑर्व्हिलला हाक मारली. चेहरा त्याला दिसला नाही, आवाज ओळखीचा वाटला. डार्लीनने सगळं सांगितलं, रडली नाही.

"तुमची खरंच चांगली होती?" तिने विचारलं.

"हो."

"ब्रेकचं बोलला नसतात, तर घेतली असती मी."

ऑर्व्हिलला राग आला नाही. ती खरं बोलत होती, आणि ते त्यालाही पटलं, याचंच त्याला वाईट वाटलं. बस आली. डार्लीनने त्याचा दंड धरून त्याला वर चढवलं आणि ती मागे जाऊन बसली.