थेट बॅग

आलेल्या पत्राला उत्तर गेलं की मी त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उत्तर दिले' असं लिहून तारीख आणि वेळ टाकतो. माझ्याकडच्या साऱ्या पत्रांवर ते सापडेल. कपिलच्या पत्राचा कोपरा मात्र सहा वर्षं कोरा होता.

कपिल आणि मी रेल्वे डाकेत सॉर्टर होतो. पुणे–मिरज गाडीच्या टपालाच्या डब्यात शेजारी शेजारी उभं राहून खणांत पत्रं टाकण्यात आमची वीस वर्षं गेली. मी कराडचा, तो कवठे महांकाळचा. निवृत्त झाल्यावर त्यानं मला एक दोनशे पानी वही पाठवली. आईच्या आठवणी लिहिल्या होत्या. सोबत चार ओळी : "केरबादादा, तुमी लय वाचलंय. हे छापायच्या लायकीचं हाय का तेवढं सांगा. नसलं तर गप्प ऱ्हावा, मी समजून घीन."

वही मी एका बैठकीत वाचली. त्याची आई बनाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तान्ह्या मुलीला ती घमेल्याच्या सावलीत निजवायची आणि ऊन सरकलं की हातोडा ठेवून घमेलं सरकवायची. दिवसभरात घमेलं किती वेळा सरकलं ते लहानगा कपिल मोजायचा. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पण उत्तर लिहवेना. मी कोण सांगणारा? जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लावली, स्वतःची धड एक ओळ लिहिली नाही. 'उत्तम' म्हणावं तर तोंडदेखलं वाटेल, असं करत दिवस गेले आणि मग उशिराचीच लाज वाटू लागली. माझ्यासारख्या मराठ्याच्या घरातल्या माणसानं बौद्ध मित्राच्या वहीवर गप्प बसावं, याचा त्यानं काय अर्थ लावला असेल, हे मनात आलं की लिहायला काढलेला कागद मी पुन्हा ठेवून द्यायचो.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत, एका शनिवारी, सांगलीहून माझ्या भाचीचा, संयोगिताचा फोन आला. ती तिथं कॉलेजात शिकवते. कपिलची मुलगी प्रियदर्शनी तिची वर्गमैत्रीण. ती आता कॅनडातल्या एका विद्यापीठात होती आणि कपिलही तिच्याकडेच राहत होता.

"मामा, कपिलकाकांचं सोमवारी सकाळी हृदयाचं ऑपरेशन आहे. प्रियाची ई-मेल आलीय. त्या वहीनंतर काकांनी म्हणे लिहिणंच सोडलं. म्हणतात, केरबादादा गप्प राहिले म्हणजे मी नापास."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी वही आणि पत्र घेऊन सांगलीला गेलो.

तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक कळ शोधत, दोन तासांत पंधरा ओळी झाल्या. घमेल्याबद्दल लिहिलं. 'छापायलाच हवं' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"मामा, आता खोडलंत तर कॉम्प्युटर बंद करीन," संयोगिता म्हणाली.

तिनं फोनची तार जोडली. किरकिर, शिट्टी, मग शांतता. तिनं पत्र पाठवलं आणि ते लगेच परत आलं.

"कॉलेजचा सर्व्हर घेत नाही. तो फक्त कॉलेजच्या आतून आलेली पत्रं पुढं लावतो. हे कनेक्शन पुण्याच्या कंपनीचं आहे ना."

"बरोबरच आहे त्याचं. आपल्या हद्दीचं नाही ते परत," मी म्हणालो. मनात मात्र आलं, आपलं नशीबच परतीचं.

मग तिनं जाणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरच्या चौकटीत पुण्याच्या कंपनीचं नाव घातलं. तिथून उत्तरच येईना. तीनदा झालं. चार वाजून गेले.

"रविवार आहे, कुणी बघत नसणार. उद्या कॉलेजातून पाठवू?"

"उद्या कॉलेज उघडेपर्यंत तिकडं मध्यरात्र होईल, आणि सकाळी ऑपरेशन. त्यानं आज रात्री वाचायला हवं, गं." बोलून गेल्यावर मीच दचकलो. मी कुणाला असं ठासून सांगत नाही.

पडद्यावर प्रियदर्शनीचा पत्ता होता. मी विचारलं, "त्या गोल 'अ'च्या पुढचं काय?"

"ते तिचं विद्यापीठ. म्हणजे गावच समजा."

"मग पत्र त्याच गावच्या सर्व्हरला थेट का देत नाही आपण? आमच्याकडं एका गावाची पत्रं पुरेशी साठली की मधल्या ठाण्यांवर न उघडणारी थेट बॅग बांधायचे."

ती हसली. "आवं मामा, असं कुणी करत नाही! आपण त्यांचे कोण? ते कशाला घेतील?"

"दुसऱ्याचं घेणार नाहीत. पण हे त्यांच्याच घरचं आहे. दारात आलेलं घरचं पत्र कोण परत लावतंय?"

मग चौकटीतलं पुण्याचं नाव तिनं पुसलं आणि 'अ'च्या पुढचा तो सगळा मजकूर तिथं भरला.

"दाबा तुम्हीच."

मी कळ दाबली. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकली. कॅनडात तेव्हा पहाटेचे सहा वाजायला आले असतील. दाराबाहेर बर्फ, माणसं झोपलेली. आणि तिथलं एक यंत्र जागं होतं. सांगलीतल्या टेबलावरून आलेलं, घमेल्याच्या सावलीबद्दलचं, एका अनोळखी म्हाताऱ्याचं पत्र ते हातात घेत होतं. मधे पुणं नाही, मुंबई नाही, लाखेचा ठसा नाही, एकही सॉर्टर नाही. मी नकळत टोपी काढून मांडीवर ठेवली.

जायच्या पत्रांची पेटी रिकामी झाली.

"घेतलं!" संयोगिता ओरडली. "मामा, घेतलं की त्यांनी! ती उठल्याउठल्या मेल बघते."

मी खिशातून कपिलचं पत्र काढलं, पेन उघडलं. "किती वाजता गेलं?"

"चार वाजून बावीस."

"आणि पोचलं?"

"तेव्हाच."

कोऱ्या कोपऱ्यात 'उत्तर दिले' आणि वेळ लिहिताना सॉर्टरच्या सवयीनं मी निघाल्याच्या वेळेखाली पोचल्याच्या वेळेसाठी जागा सोडली होती. तिथंही चार बावीसच लिहिलं.