पेपरातला 'दीर्घकाळ'

आमच्या पेपरात अभिप्रायाच्या पानावर पाच माणसं एकाच टोपणनावाने लिहितात. 'किनाऱ्याचा पहारेकरी' असा त्या नावाचा अर्थ. पाचांपैकी दोघांना बोट लागते, एकाला पोहता येत नाही, चौथीला माशाचा वास सोसत नाही, आणि पाचवा मी. कोणता लेख कोणाचा हे बाहेर सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, असा नियम आहे. मी तो इतकी वर्षं पाळला. त्यात पराक्रम काही नव्हता, मला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

त्या वसंतात कोरियात अमेरिकेचं रडार बसत होतं, आणि ते आमच्या देशावर नजर ठेवायला आहे, असं राजधानीचं म्हणणं होतं. चीनच्या आमच्या शानतुंग किनाऱ्यावरून कोरिया म्हणजे एका रात्रीचा बोटीचा प्रवास. अर्ध्या गावाचं पोट त्या बोटीवर. संपादक मू माझ्या टेबलापाशी आला आणि चहाचा पेला माझ्याच कागदांवर ठेवून म्हणाला, "लुआन, वरून फोन आलाय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून रे. आता जिना मोजत बसू का? आधी सुरक्षेचं घे, मग व्यापाराचं. आपला बाजार केवढा मोठा आहे, तो ज्याला हवा त्याने नीट वागावं, वगैरे. तुला काय शिकवायचं!"

"पायरी कोणती?"

आमच्याकडे इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात खाली 'आम्हाला चिंता वाटते'. त्याच्यावर 'तीव्र नाराजी'. मग 'परिणामांची जबाबदारी त्यांचीच'. त्याच्याही वर 'कड्याच्या टोकावरून घोडा मागे घ्या'. घोड्याच्याही वरची शेवटची पायरी राजधानीतल्या मोठ्या पेपरांची, तिकडे आम्ही बघायचंही नाही. वाचणारे या पायऱ्या बरोबर ओळखतात.

"पायरीचं काही बोलले नाहीत," मू म्हणाला. "पण शेजारच्या प्रांताच्या पेपराने घोडा घातलाय. आपण नुसती नाराजी घातली तर उद्या मला विचारतील, कोरियावर तुमचंच एवढं प्रेम का उतू चाललंय? घोडा घाल."

मी घोडा घातला. 'याची किंमत मोजावी लागेल' असं शेवटचं वाक्य लिहिलं. मूने वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "बोडकं वाटतंय. काहीतरी लाव त्याला."

मी 'दीर्घकाळ' लावला. 'याची किंमत दीर्घकाळ मोजावी लागेल.' मू म्हणाला, "आता कसं!" आणि पेला उचलून गेला. त्या शब्दासाठी कोणाचा फोन आला नव्हता. तो माझ्या हाताच्या सवयीतून आला, आणि खरं सांगायचं तर घरी जायची वेळ झाली होती.

रविवारी ताईने जेवायला बोलावलं. ताईचा नवरा, त्सोंग दाजी, दर वसंतात पहिली सुरमई आमच्या घरी पोचवायचा. जावयाने सासऱ्याला सुरमई द्यायची अशी आमच्याकडची रीत. वडील गेल्यावर त्याने ती माझ्या दारी आणायला सुरुवात केली. "सासरा नाही तर मेव्हणा तरी खाऊ दे," म्हणायचा. त्या वर्षी सुरमई आली नाही, निरोप आला.

ताई आणि दाजीची बंदरामागे एक शेड होती. माकूल मासळी साफ करून, गोठवून, खोक्यांत भरून कोरियात पाठवायची. ताईने ती अक्षरशः बर्फात हात घालून उभी केली होती, तिची बोटं हिवाळ्यात अजूनही सुजतात. तिकडून प्यो नावाचा एकच माणूस माल घ्यायचा. ताईच्या मुलीच्या लग्नात तो इतका प्यायला होता की नवरदेवाऐवजी त्यालाच खांद्यावर घालून न्यावं लागलं. आता त्याच्याकडे जाणारे कंटेनर आमच्याच बंदरात पडून होते. तपासणी चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. लेखी हुकूम कुठेच नव्हता, त्यामुळे लोक पेपर वाचत होते.

दाजी तर आधीपासूनच वाचायचा. त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं: बातमी वाचू नकोस, अभिप्राय वाच, वारा तिथे कळतो. तो हातात पेन्सिल घेऊन वाचायचा. मी पोचलो तेव्हा टेबलावर च्याओझची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, थाळी वाफाळत होती, आत सुरमईचंच सारण होतं, आणि थाळीशेजारी आमचा पेपर पसरलेला होता.

"या, पेपरवाले," दाजी म्हणाला. "वारा घेऊन आलात का?"

"भूक घेऊन आलोय."

"ती तर आम्हालाही आहे, आणि आता रोजचीच होणार." त्याने दारू ओतली. "बागवाल्या थानने शेड मागितलीय. सफरचंदं ठेवायला. फ्रीझर, मशीन, सगळ्यासकट. भाव बरा देतोय, पण आज संध्याकाळपर्यंत हो म्हण म्हणतो. उद्या दुसरी शेड घेईल. शेडी काय, रांगेने विकायला उभ्या आहेत."

ताई व्हिनेगरची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "मी नको म्हणतेय. शरदापर्यंत पुरेल इतकं आहे आपल्याकडे. शेडवरच्या बायकांना अर्ध्या पगारावर ठेवू, त्या तयार आहेत. प्यो पण म्हणतो, थांबा."

"प्योला काय जातं म्हणायला! शरदापर्यंत थांबलो आणि वारा फिरला नाही तर? तेव्हा शेड फुकट घ्यायलाही कोणी येणार नाही. गाठीचं जाईल, शेडही जाईल. मग काय खाणार, वारा?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पेपरात काम करणाऱ्याला आतलं माहीत असतं, अशी लोकांची ठाम समजूत आहे. आम्हाला आतलं काही माहीत नसतं. आम्हाला फोन येतो.

"दाजी, थांबा," मी म्हटलं. "मी असले वारे पुष्कळ पाहिलेत. कधी कोणाची केळी अडली, कधी कोणाचे मासे. तेव्हाही असेच लेख होते, असाच घोडा, असाच कडा. मग एक दिवस दोन्हीकडचे मोठे लोक हात मिळवतात आणि केळी परत बाजारात येतात. वर्षभर, फार तर थोडं जास्त. ताई म्हणते तसं पोट आवळून काढा."

"हे तू कशावरून सांगतोस?"

"इतकी वर्षं तेच तर पाहतोय."

दाजीने च्याओझ तोंडात टाकला, बराच वेळ चावला. लसणाची पाकळी सोलली आणि तशीच ठेवली. मला दिसत होतं, तो वितळत होता. ताईलाही दिसलं. तिने त्याच्या थाळीत आणखी दोन च्याओझ वाढले.

"पटतंय रे तुझं," तो शेवटी म्हणाला. "थानला नाही म्हणून सांगावं असंच वाटतंय. फक्त हे एक नडतंय." त्याने पेपर ओढला. त्या एका शब्दाखाली पेन्सिलीची जाड रेघ होती. "'दीर्घकाळ'. घोड्याचं सोड, घोडा सगळ्यांनीच घातलाय. पण 'दीर्घकाळ' दुसऱ्या कोणत्याच पेपरात नाही. मी चारही पेपर आणून पाहिले. आपल्याच पेपरात आहे, म्हणजे आपल्या बंदराबद्दल त्यांना काहीतरी कळलंय. हे उगाच नसणार."

मला हसू आलं, आणि रडूही. त्याला आता एका बोटाचा धक्का पुरे होता. या शब्दामागे काही नाही, एवढं त्याला कळलं की झालं, असं मला वाटलं. इतक्या वर्षांचा नियम मी च्याओझच्या थाळीवर मोडला.

"दाजी, तो लेख माझा आहे."

"काय?"

"मी लिहिलाय. 'दीर्घकाळ' मीच घातला. वाक्य बोडकं दिसत होतं म्हणून. कोणाचा फोन नाही, कोणाचा हुकूम नाही. मूने काहीतरी लाव म्हटलं, मी लावलं. त्या शब्दात काही नाही, दाजी. तो रिकामा आहे."

दाजीने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याचा चेहरा बदलला. तो राग नव्हता. त्याला माझा अभिमान वाटत होता.

"तू लिहिलंस!" तो हळूच म्हणाला. "ऐकलंस का गं? हा लिहितो ते."

"दाजी, मी काय सांगतोय ते ऐका..."

"कळलं, कळलं. तुला उघड बोलता येत नाही, घरच्यांपाशीसुद्धा. म्हणून रिकामा म्हणतोस. अरे, तुला मी लहानपणापासून ओळखतो. शाळेत खोटं उत्तर लिहायला नको म्हणून कोरा कागद देऊन आलास आणि बापाचा मार खाल्लास. तू असला शब्द उगाच लिहिशील? दुसऱ्या कोणी लिहिला असता तर म्हटलं असतं, पान भरलं असेल. पण तू!"

"मीही पानच भरलं!"

मी जवळजवळ ओरडलो. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला, आजाऱ्यापुढे हलवतात तशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जितकं जास्त नाही म्हणत होतो, तितकं त्याला ते जास्त हो वाटत होतं. मी मूचा नंबर काढून दिला, म्हटलं, विचारा त्याला. दाजीने माझा फोन अलगद उलटा ठेवला. "नको. तुझी नोकरी जायची. तू केलंस ते पुष्कळ आहे."

तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन थानला फोन लावला. भावाबद्दल फार ओढाताण केली नाही. "हो, सगळ्यासकट," तो म्हणाला. "खोकी भरायचं मोठं मशीन पण. हो. उद्या सकाळी या."

ताईने पेपराची घडी घातली. तिने माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. गार पडलेले च्याओझ ती एकेक करून डब्यात भरत होती, मला बांधून द्यायला.

"ताई," मी म्हटलं, "मी नसता लिहिला तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलाच असता."

"माहीत आहे," ती म्हणाली. डब्याचं झाकण लावून तिने डबा माझ्या हातात दिला. "पण मग त्याने तुझं ऐकलं असतं."