बारा बंद लखोटे

मुलीनं परदेशातून पाठवलेलं खोकं घड्याळजींनी सोमवारी सकाळी उघडलं, आणि आत आपलीच वस्तू पाहून ते मटकन खुर्चीत बसले.

वस्तू म्हणजे काय, तर डोळ्यात औषधाचा थेंब घालायची एक छोटीशी वाटी. ती डोळ्याच्या खोबणीवर टेकवायची, तिच्यात औषधाची बाटली उलटी बसवायची आणि बाटलीशेजारच्या बारीक भोकातून दिव्याकडे पाहायचं. भोकातून उजेड दिसला की समजावं, बाटलीचं तोंड नेमकं डोळ्यावर आलं. मग बाजूची पट्टी दाबायची. थेंब डोळ्यातच पडणार. गालावर नाही की कानात नाही. खोक्यातली वाटी पांढरीशुभ्र, कारखान्यातून आलेली. घड्याळजींनी टेबलाच्या खणातून आपली काळी वाटी काढून तिच्या शेजारी ठेवली. दोघी सख्ख्या बहिणी दिसत होत्या. एक घरकामात राबलेली, दुसरी शहरात जाऊन सुधारलेली.

सोबत मुलीची चिठ्ठी होती. ‘बाबा, बघा काय छान निघालंय! आता शेजारच्या काकूंना तुमच्यासाठी दिवसातून दोनदा जिना चढायला नको.’

गंमत अशी, की शेजारच्या काकू नव्हत्याच.

घड्याळजींना काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ थेंब, तेही जन्मभर. बायको होती तोवर तीच घालायची. “वर बघा, छताकडे. पापणी मिटू नका. काय घोड्याला नाल ठोकतेय का मी?” ती गेली आणि थेंब उशीवर पडू लागले. पन्नास वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला हात, पण स्वतःच्या डोळ्यावर बाटली धरली की थरथरायचा. मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, “बाबा, थेंब कोण घालतं?” पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून ते एकदा बोलून गेले, “शेजारच्या काकू येतात.” खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण त्याला खायला मात्र रोज घालावं लागतं. पुढं या काकूंना गुडघेदुखी द्यावी लागली, मग एक तोंडाळ सून द्यावी लागली. मुलगी आवर्जून विचारायची, “काकूंचा गुडघा कसाय?” आणि घड्याळजी गुडघ्याचा अहवाल द्यायचे.

घरात खरं म्हणजे भिंतीवरच्या नऊ घड्याळांशिवाय कुणी नव्हतं. खाली दुकान, तेही बंद केलेलं. वर दोन खोल्या. त्या एकटेपणातच ही वाटी झाली. घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं भिंग असतं ना, त्याची काच काढून टाकली आणि रिकाम्या काळ्या खोळीत बाटली बसवली. दाबायला मनगटी पट्ट्याची कडी लावली. ती दाबली की ‘टिक्’ वाजायची, सोडली की पुन्हा ‘टिक्’.

मग हे कुणाला सांगितलं का नाही? तर त्याला कारण एक जुनं पुस्तक. दुकानातल्या रद्दीत सापडलेलं, शोध लावणाऱ्यांना उपदेश करणारं. त्यात ठळक अक्षरात होतं: जो शोध आधी लावतो, मालक तोच. म्हणून कागदावर आकृती काढा, तारीख घाला, लाख लावून बंद करा आणि कुणाजवळ अवाक्षर काढू नका. घड्याळजी पडले शिस्तीचे. वाटीत जी काही सुधारणा होई तिची आकृती ते दरवर्षी एकाच तारखेला लखोट्यात घालत आणि रजिस्टर पोस्टानं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवत. पोस्टाचा शिक्का म्हणजे सरकारी साक्ष! अर्ज करायचा तो वाटी निर्दोष झाल्यावर. पाच सेकंद मागं पडणारं घड्याळ त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नव्हतं. शिवाय घाई कसली? तारीख तर आपलीच होती.

असे बारा लखोटे झाले. बारा वर्षांत त्यांच्या नावानं दुसरं कुणाचं पत्र आलं नाही.

खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे.’ घड्याळजींनी डोळ्यात थेंब घातले, काळ्या वाटीनंच, लखोटे पिशवीत भरले आणि पेटंटचं काम करणाऱ्या वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दोन्ही वाट्या उलटसुलट पाहिल्या, संगणकावर कंपनीचा अर्ज शोधला आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, यांनी अर्ज केलाय वीस महिन्यांपूर्वी. इथं आणि युरोपात.”

“माझी पहिली तारीख बारा वर्षांपूर्वीची आहे.” घड्याळजींनी लखोटे पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. “एकही फोडलेला नाही.”

बाईंनी शिक्के पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “तुम्ही कधी शाळेत शिकवलंय का?”

“छे. पण शाळेत गेलोय.”

“मग सांगा. बाई प्रश्न विचारतात. एका मुलाला उत्तर आधी सुचतं, तो वहीत लिहून ठेवतो, बरोबर तारीखवार. दुसऱ्याला मागाहून सुचतं, पण तो आधी हात वर करतो. शाबासकी कुणाला?”

“ज्याला आधी सुचलं त्याला. वही तपासा की!”

“अमेरिकेत तपासायचे. तुमचं पुस्तक तिथल्या जुन्या कायद्यावरचं असणार. तिथं वह्या, साक्षीदार, सगळं निघायचं. आधी कुणाला सुचलं यावर वर्षानुवर्षं भांडणं चालायची. शेवटी २०१३ साली त्यांनीही ते सोडलं. आता सगळीकडेच हात आधी वर करील तो पहिला.”

“म्हणजे वरातीमागून घोडं,” घड्याळजी म्हणाले. “आणि घोडाही मीच.”

बाई हसल्या नाहीत. “देशादेशांत फरक आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीत. समजा तुम्ही वस्तू लोकांना दाखवली आणि अर्ज नंतर केला. अमेरिका म्हणते, तुझंच आहे ना, वर्षभर माफ. जपानही वर्षभर माफ करतो, पण अर्जासोबत तसं लिहून द्या, पुरावा जोडा. युरोप जवळजवळ माफच करत नाही. अर्जाच्या आदल्या दिवशी एका माणसाला मोकळेपणी दाखवलंत तरी शोध जुना झाला. आपला कायदाही याबाबतीत तसाच कडक.”

“आणि हे?” त्यांनी लखोट्यांवर हात ठेवला.

“फ्रान्समध्ये असा लखोटा सरकार स्वतः जपून ठेवतं. पण त्यानंही पेटंट मिळत नाही. ‘हा माणूस आपल्या दुकानात आधीपासून हे बनवत होता, त्याला बनवू द्या,’ एवढंच. आपल्याकडेही घरच्या वापरापुरतं तुम्हाला कुणी अडवणार नाही.”

घरच्या वापरापुरतं. घड्याळजींना आपल्या दोन खोल्या आठवल्या. बारा वर्षं ती वस्तू तिथंच तर होती.

त्यांनी लखोटे गोळा करायला घेतले. बाईंनी त्यांचा हात थांबवला.

“काका, एक विचारते. नीट आठवून सांगा. वीस महिन्यांच्याही आधी, कधीही, ही वाटी तुम्ही कुणाला दाखवली होती का?”

“कुणालाच नाही,” ते ताठ होऊन म्हणाले. “सख्ख्या मुलीलासुद्धा नाही.”

“एकाही माणसाला नाही?”

घड्याळजींची नजर सहाव्या लखोट्यावर गेली. ताठपणा हळूहळू उतरला.

“पोस्टमनला दिली होती,” ते म्हणाले. “सात वर्षं झाली.”

सहावा लखोटा घेऊन पोस्टमन आला होता. नेहमीसारखा दारातूनच ओरडला, “घड्याळजी, तुम्हीच तुम्हाला काय हो लिहिता एवढं?” “उत्तर येईपर्यंत लिहायचं,” घड्याळजी म्हणाले. पण त्या दिवशी पोस्टमनला सहीची जागा सापडेना. डोळे लाल, गालावर औषधाचा ओघळ. त्यालाही तेच थेंब लागले होते, आणि त्याच्या हातून तेही डोळा सोडून सगळीकडे पडत होते. घड्याळजींनी खणातली जास्तीची वाटी काढून त्याच्या हातात ठेवली, कशी लावायची ते दाखवलं.

“त्याला सांगितलंत का, कुणाला दाखवू नको म्हणून?” बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

“सांगणार होतो. तेवढ्यात तो जिना उतरून गेलासुद्धा. सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं,” बाई सावकाश म्हणाल्या. “काका, तेवढंच तुमच्याकडे आहे. हे सिद्ध झालं तर पेटंट तुम्हाला मिळणार नाही, पण त्यांनाही मिळणार नाही. मग ही वाटी कुणाचीच नाही. म्हणजे कुणीही बनवावी. हरकतीची मुदत अजून आहे. हवं तर विचार करा.”

घड्याळजींनी घरी जाऊन विचार केला. त्यांना हवा होता एक कागद. वर सरकारी मोहोर, खाली आपलं नाव. तो मुलीला पाठवायचा आणि मग काकूंना सन्मानानं निरोप द्यायचा, असा त्यांचा बेत होता. तो कागद आता कधीच येणार नव्हता. आपलं नाही तर कुणाचंच नाही, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना; हे शेजाऱ्याचा दिवा फुंकण्यासारखं वाटत होतं. दोन दिवस ते असे बसून होते. तिसऱ्या दिवशी पोस्टमनचा पत्ता काढून निघाले.

पोस्टमन निवृत्त होऊन मुलाकडे राहत होता. घड्याळजींना पाहताच म्हणाला, “या या! आज लखोटा पायानं चालत आला!” वाटी त्याच्या गळ्यात दोरीला अडकवलेली होती, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या.

“अजून चालते?”

“चालते म्हणजे? डोळ्यांच्या दवाखान्यात माझी पाहून सात-आठ जणांनी बनवून घेतल्या. एकानं तर बाटलीच्या टोपणाची केली. टिकटिक म्हणतो आम्ही तिला. का हो, दाखवायची नव्हती का?”

घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षं आपण तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि इकडे ही दवाखान्याच्या बाकावर हातोहात फिरत होती. राग यायला हवा होता. तो आला नाही.

“नाव माहीत होतं का त्यांना? कुणी केली ते?”

पोस्टमन ओशाळला. “नाव कुठलं? मलाच तुमचं नाव लखोट्यावर वाचलेलं तेवढं आठवतंय. ‘एका घड्याळजीनं दिली’ म्हणायचो.”

“बरं,” घड्याळजी म्हणाले. “तेवढं लिहून द्याल?”

पोस्टमननं लिहून दिलं. दवाखान्यातल्या तिघांनीही दिलं. शनिवारी बाईंनी घड्याळजींसमोर त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र ठेवलं. त्यांनी ते दुरुस्तीच्या दुसऱ्या भिंगातून ओळ ओळ वाचलं. शेवटून दुसरी ओळ होती: ‘सदर वस्तू मी गुप्त ठेवली नाही.’

ते तिथंच थांबले.

“हे खोटं आहे, बाई. मी दुसरं काहीच केलं नाही. फक्त गुप्त ठेवली.”

“त्या एका दिवशी नाही ठेवलीत. कायद्याला तेवढा दिवस पुरतो.”

त्यांनी लेखणी उचलली. सही जरा वाकडी आली. खाडाखोड न करता ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. घड्याळांचे नऊचे ठोके एकामागून एक पडत असताना फोन वाजला.

“बाबा, खोकं मिळालं ना? वापरलंत? काकूंना दाखवलंत?”

घड्याळजींनी टेबलाकडे पाहिलं. पांढरी वाटी अजून खोक्यातच होती. बाजूला बारा लखोटे, एकावर एक.

“काकू नाहीत, बाळ.”

“अगं बाई! कधी गेल्या?”

“गेल्या नाहीत. नव्हत्याच.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“म्हणजे... गुडघा? ती सून?”

“सगळं मीच.”

“मग थेंब कोण घालत होतं, बाबा? तेरा वर्षं?”

पेटंट, युरोप, पोस्टमन, बाकावरची माणसं, सगळं सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? नाहीतरी थेंबांची वेळ झालीच होती. त्यांनी फोन टेबलावर कानाजवळ उभा करून ठेवला, मान मागं टाकली आणि काळी वाटी डोळ्याला लावली. भोकातून दिवा दिसला.

टिक्.

“बाबा, तो आवाज कसला?”

“थांब,” ते म्हणाले. “अजून दुसरा डोळा राहिलाय.”