चार चौकटींची भीती

सुनेच्या पोटातल्या दुसऱ्या बाळाच्या तपासणीचं नाव काढलं, की माझा थोरला ताटावरून उठतो. त्याच्या पहिल्या लेकीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्तातला दोष नवराबायको दोघांकडून आलेला.

"आई, डॉक्टर म्हणाले, चारांत एकाला. एकीला झालं, आता तिघं सुटली!" तो म्हणायचा.

मीही तेच धरून निश्चिंत होते. काल कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या धाकट्या लेकीनं वहीत चार चौकटी काढल्या. एकीत दोघांचाही दोष. म्हणाली, "प्रत्येक बाळाला या चारही नव्यानं. मागचं धरत नाहीत."

सून भिंतीला टेकून खाली बसली.

थोरला ओरडला, "तू कोण डॉक्टर लागून गेलीस?" आवाज मात्र कापत होता.

मी म्हटलं, "अरे शहाण्या, भ्यायलेय मीसुद्धा. पण तू भित्रा आहेस. उद्या तुझ्या बायकोला तपासणीला मी नेणार!"