बाय माय ब्रदर-इन-लॉ

आमच्या कारखान्यात कवळ्या बनतात. दिवसभर परक्यांचे दात घासायचे आणि आपले ओठ मिटून ठेवायचे, हे माझं काम. भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, मीच इथे चिकटवलं. मेणात दात बसवायलाही मीच हाताला धरून शिकवलं. हेडची जागा रिकामी झाली, तेव्हा मुलाखतीला आम्हा दोघांनाच बोलावलं. मला ती जागा हवी होती. जीव तोडून हवी होती.

भावजी आधी आत गेले आणि हसत बाहेर आले.

"काय विचारलं हो?"

"सटरफटर. तुम्ही बिनधास्त जा, वहिनी."

मालक एरवी आमच्याशी साधं बोलतात, त्या दिवशी त्यांच्या अंगात इंग्रजी आलं होतं. "आर यू ड्रिव्हन?" त्यांनी विचारलं.

ड्राइव्ह म्हणजे गाडी हाकणं, एवढं मला माहीत होतं. आणि भावजी मला रोज स्कूटरवर मागे बसवून आणतात. मी म्हटलं, "येस सर. डेली. बाय माय ब्रदर-इन-लॉ."

मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांची कवळी मात्र जागची हलली नाही. ती मीच बनवली होती.

जागा भावजींना मिळाली.

घरी जेवताना त्यांनी माझी नक्कल केली. सासूबाई हसल्या, आमचे हेही हसले.

"पण त्या ड्रिव्हनचा अर्थ काय?" मी विचारलं.

"अहो, पुढे जायची जिद्द असलेला. आतून कोणीतरी हाकत असल्यासारखा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मलाही तेच विचारलं ना! मी गप्प बसलो, तर त्यांनीच समजावून सांगितलं."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. बाकी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने माझा केसाने गळा कापला होता, आणि मी त्याच्या ताटात वाढत होते.

पुढच्या आठवड्यात हेडच्या खुर्चीतून आवाज आला, "वहिनी, गप्पा पुरे! हात चालवा!"

मी चकार शब्द काढला नव्हता. नेमके तेव्हाच मालक चक्कर मारायला आले. माझ्यापाशी थांबून डोळे मिचकावत म्हणाले, "काय मग? आर यू ड्रिव्हन?"

मी भावजींकडे बघितलं.

"येस सर," मी म्हटलं. "डेली. बाय माय ब्रदर-इन-लॉ."

मालक पुन्हा खो खो हसले. भावजी हसले नाहीत.