बावन्न किलोची सीट

कालिंदीले मी राइस मिलच्या काट्यावर तोललं होतं. नवऱ्यानं बायकोले धानासारखं तोललं म्हनून मिलातले हमाल हप्ताभर हसले. पन मी सिंचाई विभागातून रिटायर झालेला इलेक्ट्रिशियन, अंदाजानं काई करत नाही. काटा बोलला बावन्न. त्या हिशेबानं घरीच इलेक्ट्रिक सायकल बनवली. बॅटरी समोर, हँडलखाली. कालिंदी मागं. दोघींचा भार बरोबर.

तिले भेडाघाटचा धबधबा पाहाचा होता. बालाघाटपासून दोनशे किलोमीटर.

"कधी निंघाचं जी?" ती इचारे.

"ब्रेक जमू दे. पुढच्या महिन्यात."

ब्रेक जमवता जमवता चार वर्षं गेले. त्याच्यात ब्रेकची तार हॉर्नच्या तारेत गेली, त गाडी थांबाच्या आंधी बोंबले. ते दुरुस्त करूनच राह्यलो होतो, तेवढ्यात कालिंदी बिमार पडली न गेली.

तेरवी झाल्यावर एकटाच बसून चौकात ब्रेक मारला. हॉर्न बोंबलला, मागचं चाक आभाळात, मी पानठेल्यात. कत्था पार कानापर्यंत.

पोरगा कुशल म्हने, "बाबा, बैटरी पीछे कर दो ना. चार बोल्ट की बात है."

"ते तुह्या मायची जागा आहे."



मी मागच्या सीटवर चिन्नोर तांदळाचं पोतं बांधलं. मोजून बावन्न किलो. दव लागू नये म्हनून तिची हिरवी साडी गुंडाळली न निंघालो. ब्रेक मारला की पोतं पुढं सरके न माह्या पाठीले टेके. गल्लीत फिरवाचो तवा तीही तशीच टेके, न म्हने, "हळू जी."

लामता गावाच्या आंधी पोलिसानं हात दाखवला. "पीछे वाली का हेलमेट कहां है?"

"साहब, चावल है."

त्यानं जवळ येऊन पदर उचलला. पोतं पाह्यलं, मले पाह्यलं. "नाम?"

त्यानं माहं नाव इचारलं होतं. माह्या तोंडातून निंघालं, "कालिंदी."

त्यानं पदर परत नीट झाकला न म्हने, "जाइए. भाभीजी को आराम से ले जाइए."

लामत्यात जिजाबाई नावाच्या बाईच्या घरी बॅटरी चार्जिंगले लावली. पाच घंटे लागले. तेवढ्यात तिनं जेवू घातलं, पैसे घेतले नाहीत. आता कालिंदीचा नियम असा, का कोनाच्या घरचं खाल्लं त तांदूळ दिल्याशिवाय उठाचं नाही. मी पोत्याचं तोंड सोडून पायलीभर काढले.

"अवो भाऊ, येवढे काहून?"

"मी नाही देऊन राह्यलो बाई. तिच्याकडून आहे."

पुढं प्रत्येक मुक्कामी हेच. लोक चांगले निंघाले, हाच वांधा झाला. एखादा नालायक भेटता त पायलीभर कालिंदी वाचली असती.

पाचव्या मुक्कामानंतर उतारावर ब्रेक मारला न मागचं चाक उचललं. मी नालीत, पोतं माह्यावर, हॉर्न बोंबलूनच राह्यला. आठ-दहा म्हशी पाहाले जमा झाल्या. बाजूच्या आटाचक्कीवाल्या हिरालालनं मले ओढून काढलं.

"चोट तो नहीं लगी चाचा?"

"पहले इसको तोलो."

काटा बोलला चौतीस.

दवाखान्यातला तिचा शेवटचा काटाही चौतीसच होता. त्या दिवशी ती हसून म्हने, "आता त गाडी उडल जी. निंघू?" न मी म्हटलं होतं, "पहिले वजन वाढव. गाडी बावन्नची आहे."

हिरालालनं गाडीभोवती चक्कर मारली. "चाचा, बैटरी पीछे कर लो. चार बोल्ट तो हैं."

पाना माह्या थैलीतच होता. चार वर्षं होता. दहा मिनटात बॅटरी तिच्या सीटवर बसली, जशी तिथंचीच होती. पोत्याले जागा उरली नाही. तांदूळ हिरालालच्या घरी दिले, साडी घडी करून पोटाशी बांधली.

गाडी झकास चालली. ना डुलली, ना उचलली. धबधब्याचा आवाज कानी आला तसा मी ब्रेक मारला. हॉर्न बोंबलला. गाडी जागच्या जागी उभी राह्यली, चार वर्षं मले पाह्यजे होती तशी.

पाठीले काई टेकलं नाही.