दोर ओढणाऱ्या बायका

गास्पार बोनेतचे चित्र माद्रिदहून पदक घेऊन वाल्सेकाला परत आले, आणि नगरपालिकेच्या सभागृहात भिंतीला लावून बघितले तर दोन हात जास्त भरले.

चित्र होते फ्रेंचांनी गावाला घातलेल्या वेढ्याचे. डावीकडे पांढऱ्या घोड्यावर कप्तान, मधे धूर आणि खचलेला तट, उजवीकडे तोफेला दोर बांधून ओढणाऱ्या मासळीबाजारातल्या बायका. पदक मिळाले ते घोड्यामुळे. त्या घोड्यासाठी गास्पारने रोमच्या तबेल्यांत वर्षभर शेण तुडवले होते. घोड्याचा घामेजलेला खांदा बघायला माद्रिदचे म्हातारे परीक्षक इतके पुढे सरसावले, की रखवालदाराला त्यांना मागे लोटावे लागले.

रोमचा खर्च नगरपालिकेने केलेला, म्हणून चित्रही तिचेच. नव्या चित्रशाळेच्या मुख्य शिक्षकाची जागा गास्पारला द्यायचे ठरले होते. सही तेवढी राहिली होती.

"कापा उजवीकडून," नगराध्यक्ष रुफिनो म्हणाले.

"साहेब, उजवीकडे बायका आहेत."

"म्हणूनच म्हणतो. रविवारी गव्हर्नर येणार, बिशप येणार. त्यांना काय घागरे खोचलेल्या कोळणी दाखवायच्या?"

"मग तोफ कोण ओढणार?"

"कप्तानाचा प्रताप ओढेल!" सभासद खो खो हसले.

"तोफ बायकांनीच ओढली. आपले आजोबा तेव्हा तळघरात होते."

हसणे थांबले. "माझे आजोबा आजारी होते," रुफिनो म्हणाले.

"सगळ्यांचेच होते. साथ आली असेल."

रुफिनोंचा चेहरा लालबुंद झाला. "जीभ फार चालते तुझी. उद्या सकाळी चित्र कापलं, तरच सही. नाहीतर दुसरा मास्तर बघतो."

गास्पार तडक बाजारात गेला. त्या बायकांपैकी एकटी तोनिकाआजी हयात होती. वेढ्यात ती चौदा वर्षांची पोर होती. आता नातीच्या गाळ्यापुढे पालथ्या टोपलीवर बसून ती बांगडे साफ करत होती.

"काय रे रंगाऱ्या, चढवलं का आम्हाला भिंतीवर?"

"भिंत कमी पडतेय, आजी."

म्हातारीने सुरी थांबवली. "म्हणजे आम्हाला काढणार."

गास्पारने मान डोलावली.

"आणि घोडा ठेवणार! अरे, तो घोडा तिसऱ्या आठवड्यात खाल्ला आम्ही. कप्तानानंही खाल्ला, वर हाडं चोखली. मीठसुद्धा नव्हतं गावात." तिने बांगडा फाडला. "तू काय करणार?"

"मी? माझ्या हातात काय आहे?"

"चित्र तुझ्याच हातानं झालं ना? मग मला काय विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड चौकटीवरून उतरवून सभागृहाच्या फरशीवर पसरले होते. बातिस्ते सुतार चाकू घेऊन उभा. गास्पारने हात पुढे केला. "आण इकडे. माझं चित्र मीच कापणार."

"शहाणा झालास," रुफिनो खूश होऊन म्हणाले.

गास्पार गुडघ्यांवर बसला. पट्टी ठेवली ती डाव्या बाजूला.

"अरे, अरे! तिकडे घोडा आहे!"

"माहीत आहे. मीच काढलाय."

चाकू चित्रातल्या आकाशातून खाली येऊ लागला. घोड्याच्या खांद्यापाशी गास्पारचा हात अडला. असा खांदा पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे त्याच्याइतके कुणालाच कळत नव्हते. त्याने दात आवळले आणि खांदा चिरला.

"नोकरी गेली तुझी!" रुफिनो किंचाळले. "पदकसुद्धा काढून घ्यायला लावीन!"

"पदक घोड्याचंच आहे. त्याच्याबरोबर द्या माद्रिदला पाठवून." कप्तानासकट घोडा गुंडाळून त्याने नगराध्यक्षांच्या हातात दिला. "आता बसेल भिंतीत."

रविवार तोंडावर आला होता, दुसरे चित्र आणणार कुठून? तेच टांगावे लागले. घागरे खोचलेल्या बायका आणि त्यांची तोफ गव्हर्नरांच्या खुर्चीच्या बरोबर समोर आली.

गास्पार वॅलेन्सियाला जाऊन हातपंख्यांवर फुले रंगवू लागला. वर्षाने रुफिनोंचा माणूस त्याच्या दारात आला. म्हणाला, "घोडा जपून ठेवलाय. जोडून द्या, शिक्षकाची जागा अजून रिकामी आहे."

गास्पारने हातातला कुंचला खाली ठेवला नाही.

"जोडतो की! आनंदानं जोडतो. साहेबांना म्हणावं, आधी भिंत पाडून दोन हात वाढवा. बायका जागच्या हलणार नाहीत."